मोटारीतला रुसवा

बजरंगला मोटार नको होती. हे त्यानं मामाला एकदा नव्हे, चार वेळा सांगितलं होतं. वलवणहून औंढ्याला जायचं ते कितीसं लांब? बैल जरा बरे असले तर माणूस आरामात पोचतो, आणि पोचल्यावर आपल्या पायांनी खाली उतरतो. पण रखमाजी मामाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती तिथून हलवायला पहार लागते. मामा लोणावळ्यात मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. शेट वर्षातून दोन महिने यायचा. बाकीचे दहा महिने बंगला मामाचा आणि मोटार दत्तोबा ड्रायव्हरची. "माजा भाचा मोटारीतनं लग्नाला जानार," असं मामानं महिनाभर गावात सांगून ठेवलं होतं. एका शेटला सोडून बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आणि आता त्याच मोटारीत बजरंग कोंडला गेला होता. रागानं त्याच्या कानशिलाच्या शिरा उडत होत्या.

झालं असं, की औंढ्याच्या अलीकडच्या ओढ्यात मोटारीचं चाक धोंड्यावर चढलं आणि दाणकन खाली आपटलं. दाराच्या पोटात काहीतरी खळ्ळकन निखळलं. बजरंग लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात सात वर्षं फिटर होता, लोखंड जागचं सुटल्याचा आवाज त्याला झोपेतही कळला असता. "दत्तोबा, दाराचं बघ!" तो मागून ओरडला. पण पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मध्ये जाड काच होती. घरच्या बायकांचं बोलणं ड्रायव्हरच्या कानावर जाऊ नये म्हणून शेटनं ती मुद्दाम बसवून घेतली होती. पुढे ऐटीत बसलेल्या मामानं मागे वळून पाहिलं, हसला, आणि फेटा सांभाळ अशी हातानं खूण केली.

वेशीतल्या मारुतीपुढे मोटार थांबली. दत्तोबा उतरला आणि त्यानं मागच्या दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली, दार हललं नाही. बजरंगनं आतून फिरवून पाहिली, तीही नुसतीच गरगरली. दुसऱ्या बाजूच्या दाराचा उपयोग नव्हता. शेटच्या लेकरानं ते एकदा चालत्या मोटारीत उघडलं, तेव्हापासून त्याला बाहेरून लोखंडी पट्टी ठोकलेली होती आणि त्याची काचही कायमची घट्ट बसवून टाकली होती. फेट्यावर धूळ बसेल म्हणून मामानं काचा वर चढवायला लावल्या होत्या. या दाराची काच आता बोटभर खाली आली आणि तिथंच अडून बसली. वैशाखातली अकराची वेळ, काळी मोटार, अंगात जाड कोट, डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग. घाम मानेवरून पाठीत उतरायला लागला.

"मामा, काच फोडतो," त्यानं फटीला तोंड लावून सांगितलं.

मामाचं तोंड पांढरंफटक पडलं. "पाया पडतो तुज्या, काच फोडू नगंस! शेट शनवारी यायचाय. माजी नोकरी जाईल, दत्तोबाची बी जाईल. जरा दम धर. दत्तोबा काय तरी करतोय."

दत्तोबा काही करत नव्हता. त्यानं मोटारीचं पुढचं झाकण उघडून आत डोकं घातलं होतं. दाराचं आणि त्या झाकणाचं काही नातं नसतं, पण काहीही बिघडलं की डोकं तिथंच घालायचं एवढंच त्याला येत होतं.

बजरंगनं उगारलेला हात खाली घेतला. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून या मामानं त्याला पोटाशी धरलं, शेडात चिकटवलं, आपल्या ताटातलं काढून त्याच्या ताटात वाढलं. त्या मामाची नोकरी आपल्या लग्नाच्या दिवशी घालवायची, हे त्याच्यानं होईना. त्यानं दम धरला, आणि तिथंच तो फसला.

कारण तेवढ्यात समोरून हलगी-सनई वाजवत मुलीकडची मंडळी आली. पुढे नवरीचा, म्हणजे नंदाचा, बाप कोंडाजी. पन्नाशीचा, ताठ मानेचा माणूस. त्याच्या रागाला सगळं औंढं वचकून असायचं. त्याच्या मागे त्याची बहीण झुंबरबाई, हातात ओवाळणीचं ताट आणि पाण्याचा तांब्या. तिच्या मागे बाया, पोरं, निम्मं गाव. नवरदेवाला उतरवून घ्यायला सगळे आले आणि मोटारीपाशी येऊन थांबले. दार काही उघडेना.

झुंबरबाई हसायला लागली. "का वो पाव्हणं? आमचं जावई रुसलं जनू?"

आता, नवरदेवानं वेशीत येऊन रुसायचं, सासऱ्यानं काहीतरी हातावर ठेवून त्याचा रुसवा काढायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत. गमतीची गोष्ट. मामानं एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा मंडळींकडे पाहिलं. मोटार शेटला न विचारता आणली हे सांगायचं, की दार अडलंय हे सांगायचं? एक सांगितलं की दुसरं बाहेर पडणार, आणि पुढे गावातला कोणीतरी पहार घेऊन शेटचं दार उचकटणार.

"व्हय," मामा म्हणाला. "जरा रुसलाय."

बजरंगनं ते फटीतून ऐकलं आणि त्याला वाटलं, आपल्याच कानात बिघाड झाला. "मामा! खोटं का बोलतोस? दार अडलंय म्हनून सांग! आन पानी तरी दे!" पण मामानं फटीला पाठ लावली होती, आणि बाहेर हलगीवाल्याला चेव आला होता. बायांनी रुसव्याचं गाणं धरलं. काचेच्या आत नवरदेव हात नाचवतोय, तोंड वेडंवाकडं करतोय हे बघून पोरं खिदळायला लागली.

कोंडाजीनं आधी नारळ आणि नवं उपरणं पुढे केलं. "घ्या जावई. उतरा आता."

मामानं मान हलवली. "न्हाई. आजून न्हाई."

दुसरं काय करणार होता तो? उपरणं घ्यावं तर जावई उतरायला पाहिजे, आणि जावई तर उतरूच शकत नव्हता.

कोंडाजीचं हसू जरा उणं झालं. सुपारी फुटली तेव्हा याच रखमाजीनं चार माणसांत सांगितलं होतं, आमाला काय बी नगं, नारळ आन मुलगी द्या. कोंडाजीनं आपल्या बोटातली चांदीची अंगठी ओढून काढली. "ही माज्या बाची हाय. द्या त्यास्नी."

मामाच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. त्यानं पुन्हा मान हलवली.

गाणं थांबलं. पाठोपाठ हलगीही थांबली. मामा आता दाराला असा चिकटला होता, की फटीतून उजेडसुद्धा आत येत नव्हता.

"बापाची आंगठी बी नगं?" कोंडाजीचा आवाज चढला. "मंग काय पायजे? रेल्वेत शिकल्याला हाय म्हनून आमचं घर लुटाया आलाय का? वलवणचं भिकारडं!"

भिकारडं. हा शब्द मात्र बजरंगला नीट ऐकू गेला. आजवर त्यानं कुणापुढे हात पसरला नव्हता. आपल्या हातांनी कमावून खाणारा माणूस तो, आणि मोटारीत घाम गाळत, अंगठी मागितली नसताना आणि नाकारलीही नसताना तो भिकारडा ठरला होता. त्याला मामाचा राग आला, सासऱ्याचा आला, शेटच्या त्या पट्टीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण काच फोडायची ती वेळ आता हुकली होती. आता फोडली असती तर गाव म्हणालं असतं, अंगठीनं भागलं नाही म्हणून जावई काचा फोडतोय.

मग त्यानं तेच केलं जे त्याला येत होतं. दार बघायला घेतलं.

हत्यार म्हणून हाताशी होती ती फक्त नवरदेवाची कट्यार, म्यानाच्या टोकाला लिंबू खोचलेली. त्यानं लिंबू उपटून बाजूला टाकलं, कट्यार म्यानातून काढली आणि दाराला आतून मारलेलं कापड तिच्या टोकानं उचकटायला लागला.

बाहेर एकच कालवा झाला. "कट्यार उपसली! जावयानं कट्यार उपसली!" बाया पोरांना ओढत मागे सरल्या.

"मला कट्यार दावतो?" कोंडाजी गरजला. "माज्या दारात? मलाच?" त्यानं डोक्याचं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं. "आसल्याच्या घरी माजी लेक द्यायची? आरं, आजच मोडतो ही सोयरीक!"

झुंबरबाईनं भावाचा हात धरला. पोरीला हळद लागलीय, मांडवात बसलीय, असं काहीबाही ती बोलत होती, रडत होती. हळद लागलेली पोर तशीच घरी राहिली तर पुढे काय होतं हे कोंडाजीला कुणी सांगायला नको होतं.  मग त्यानं वळून आपल्या गड्याला हाक मारली. "हरणीला आन! दावं सोडून हितं आन! बगू काय मागतंय ह्ये!"

आत बजरंगचा हात थबकला. हरणी त्याला ठाऊक होती. मुलगी बघायला तो आला होता तेव्हा नंदा परसात त्या गाईला धरून उभी होती आणि गाय जोंधळ्यात शिरली म्हणून तिला शिव्या घालत होती, आणि शिव्या घालता घालताच तिच्या मानेखाली खाजवत होती. पाहुणे आलेत हे कळल्यावरसुद्धा तिनं आधी शिवी पुरी केली होती. बजरंगनं तेव्हाच ठरवलं होतं की करायची तर हीच. आणि आता त्याच पोरीची गाय त्याच्या नावानं ओढून आणणार होते. तिला काय वाटेल? आयुष्यभर काय वाटत राहील?

त्यानं दात-ओठ खात कापड फाडलं. आत सगळं स्पष्ट दिसलं. मुठीपासून कुलपाच्या जिभेपर्यंत जाणारी लोखंडी सळी आपल्या खुंटीवरून निसटली होती. ती जागेवर धरणारी खीळ कुठंतरी तळाला पडली होती, आणि सळी आडवी होऊन काचेच्या खाली रुतली होती. म्हणून दारही बंद आणि काचही अडलेली. सबंध भानगड एवढीच. त्यानं कट्यारीच्या टोकानं सळी उचलली, आत हात घातला, पत्र्याच्या धारेनं तळवा कापला. रक्त आणि जुनं काळं वंगण एक झालं. सळी खुंटीवर बसली.

तेवढ्यावर मूठ फिरवली असती तरी दार उघडलं असतं. पण सात वर्षं शेडात काढलेला हात अर्धं काम टाकून उठत नाही. त्यानं कापडाचा एक खिळा काढला, खुंटीच्या भोकातून घातला, कट्यारीच्या मुठीनं ठोकून दोन्ही बाजूंनी दुमडला. सळी ओढून बघितली. पुन्हा एकदा बघितली. मग त्यानं मूठ फिरवली.

दार अलगद उघडलं. इतकं अलगद, की ते शेटच्या घरी नवं आलं तेव्हाही तसं उघडलं नसेल. मामा दचकून बाजूला झाला, बजरंग बाहेर आला, आणि त्याच्या समोर गडी हरणीचं दावं धरून उभा होता.

"बगा," कोंडाजी म्हणाला. तो आता ओरडत नव्हता, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं. "गाय दिसली आन दार उगाडलं."

"दार अडलं व्हतं!" बजरंग किंचाळलाच. "ओढ्यात आपटून सळी निसटली व्हती. मी आतनं बसवली. मी काय बी मागितलं न्हाई!"

कोंडाजी पुढे झाला. त्यानं दार लावलं, मूठ फिरवली, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. एका बोटानं उघडलं. "ह्ये अडलं व्हतं? का रं डायवर, दार बिगाडलंय ह्ये?"

दत्तोबानं झाकणाखालून डोकं काढलं. दार चालतंय हे बघून त्याच्या जिवात जीव आला होता. "छ्या! दाराला काय धाड भरलीय? नव्यावानी हाय."

माणसं कडवट हसली. बजरंगनं मामाकडे पाहिलं. मामा आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होता. बजरंगला वाटलं, ही मोटार चाकं, काचा, गादीसकट मोडून टाकावी. आणि नीट दुरुस्ती करणारे आपले हातही तिच्याबरोबर.

"घे," कोंडाजीनं गड्याच्या हातातलं दावं घेऊन त्याच्या अंगावर फेकलं. "घे आन मांडवात चल."

बजरंगनं दावं धरलं नाही. ते त्याच्या पायाशी पडलं.

तेवढ्यात मागच्या गर्दीला वाट फुटली. हळदीनं पिवळी झालेली, मुंडावळ्या बांधलेली नंदा तरातरा चालत येत होती. गोठ्यातून हरणी नेली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "अगं, अंतरपाटाआदी त्वांड दावू नये!" झुंबरबाई आडवी आली. नंदानं तिला बाजूला सारलं. डोळे रडून लाल झाले होते, पण आता त्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. ती थेट बजरंगच्या समोर उभी राहिली.

"हरणी तुमी मागितली?"

"न्हाई."

"आन आंगठी?"

"न्हाई."

"मंग मागितलं काय तुमी?"

"पानी," बजरंग म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "कवाधरनं पानी मागतोय. कुनाला ऐकू गेलं न्हाई."

नंदानं आत्याच्या हातातला तांब्या घेतला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. पाणी हनुवटीवरून कोटावर सांडत राहिलं. सगळं औंढं ते बघत होतं. मामाला ते बघवलं नाही. तो एकदम मटकन खाली बसला.

"खरं हाय त्याचं," मामा रडत म्हणाला. "दार अडलं व्हतं. मोटार शेटला न इचारता आनली म्या. दार फोडत्याल, नोकरी जाईल, म्हनून खोटं बोललो. पोरानं काय बी मागितलं न्हाई."

कोंडाजीचा हात वर गेला. तो मामाच्या कानाखाली बसायच्या आत बजरंगनं मनगट धरलं. कोंडाजीच्या पांढऱ्या बाहीवर काळी पाचही बोटं उमटली.

"मामाला हात लावायचा न्हाई," बजरंग म्हणाला. "त्याच्यासंगं काय करायचं ते मी घरी गेल्यावर बगीन. आन आबा, तुमी मला भिकारडा म्हनला. काचंला बोटभर फट व्हती. समदं ऐकलं मी. फटीशी येऊन एक डाव मला इचारलं आसतं, जावई, काय झालं, तर तुमची जीभ झडली आसती?"

कोंडाजीला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यानं खाली पडलेलं मुंडासं उचलून झटकलं. झुंबरबाई पदरानं डोळे पुसत पुढे आली. "झालं गेलं इसरा, जावई. मुहूर्त टळंल. चला मांडवात."

बजरंग मोटारीच्या पायरीवर बसला. "न्हाई. आता मी खरा रुसलोय."

कुणीही हसलं नाही. हळद लागलेल्या पोरीच्या देखत नवरा पायरीवर बसला होता, आणि तो उठून वलवणची वाट धरू लागला तर त्याला अडवायला तोंड कुणाला होतं?

"काय पायजे?" कोंडाजीनं घोगऱ्या आवाजात विचारलं. या खेपेला तो मामाला विचारत नव्हता.

"लगीन करायचं का, ते मला इचारा. सकाळधरनं समदी माज्या नावानं बोलत्यात, मला कुनी इचारलं न्हाई."

कोंडाजी पायरीपाशी आला. "जावई, लगीन करायचं का?"

बजरंगनं नंदाकडे पाहिलं. ती गाईच्या मानेवर हात टाकून उभी होती, चेहऱ्यावरचा राग तसाच. "माजं व्हय हाय," तो म्हणाला. "आता तिला इचारा."

"पोरीला?" कोंडाजी चक्रावला. "पोरीला काय इचारायचं?"

"मला इचारलं तेच."

कोंडाजी लेकीकडे वळला. सतरा वर्षांत त्यानं तिला पुष्कळ विचारलं होतं. धार काढली का, कवाड लावलं का, भाकरी झाली का. हे कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हेही त्याला आजच कळत होतं. 

"नंदे," तो शेवटी म्हणाला, "करायचं का गं?"

नंदानं बापाकडे पाहिलं. मग पायरीवर बसलेल्या माणसाचे वंगणानं आणि रक्तानं माखलेले हात पाहिले. वाकून तिनं हरणीचं दावं उचललं.

"त्यास्नी म्हनावं, हात धुवा आदी," ती फणकारली. "आसल्या काळ्या हातानं माज्या गळ्यात काय बी बांधून घ्यायची न्हाई मी."

आणि गाय घेऊन ती मांडवाकडे निघाली. कोंडाजीनं तांब्या उचलला, मारुतीपुढच्या रांजणातून भरून आणला, आणि रागारागानंच, जावयाच्या हातांवर पाणी ओतायला लागला.